समाधानाची चार घरं

सर, तुमच्या शोकसभेत मला दोन शब्द बोलायला सांगितलं होतं. मी नको म्हटलं आणि शेवटच्या रांगेत जाऊन बसले. संचालकांनी तुम्हाला 'मोजमापाचे महर्षी' करून टाकलं. ज्या गृहस्थाने उभ्या आयुष्यात कोणाच्या उंबऱ्याशी थांबून एक प्रश्न विचारला नाही, तो तुमच्या तळमळीवर बोलला. आणखी एकाने तुमच्या जाण्याने कधीही न भरून येणारी पोकळी निर्माण झाल्याचं सांगितलं, आणि मंचावरून उतरता उतरता तुमची सल्लागाराची खोली आता कोणाला मिळणार याची चौकशी करून घेतली. तुम्ही असतात तर खाली मान घालून हसला असतात. लोकांना हसण्यात तुम्ही कायम सढळ होतात.

काकू पुढच्या रांगेत होत्या. त्यांच्यासमोर मला जे बोलायचं होतं ते बोलवलं नसतं, आणि जे बोलवलं असतं ते बोलायची इच्छा नव्हती. म्हणून इथे, या कागदावर बोलते. इथे तुम्ही मला मध्येच तोडून माझं मराठी सुधारणार नाही, हीही एक सोय आहे.

तुम्ही मला संस्थेत पाहणीच्या कामावर घेतलंत ते माझ्या एम.ए.वर नाही, माझ्या अहिराणीवर. आईवडील लहानपणीच गेलेले, आत्याने बमरोलीच्या चाळीत वाढवलेलं, आत्याचे यजमान, आमचे फुवा, मागावर कामाला, शाळा गुजराती. "खान्देशी वस्त्यांमध्ये शिरायला आम्हाला तुझ्यासारखं कोणीतरी लागेलच," असं तुम्ही मुलाखतीत म्हणालात. 'तुझ्यासारखं' म्हणजे काय, हे मी त्या दिवशी विचारलं नाही. नोकरी हवी होती. पुढे मी 'पानी' म्हटलं की तुम्ही चष्म्यावरून बघत 'पाणी' म्हणायचात, आणि मी ते पुन्हा नीट म्हणेपर्यंत थांबायचात. एवढ्या वेळात एखाद्या तहानलेल्या माणसाला ते मिळालंही असतं.

पण शिकवलंत तुम्हीच. हे लिहिताना माझ्या हाताला कष्ट पडतायत, तरी लिहिते.

पहिल्याच आठवड्यात तुम्ही मला दोन वाक्यं देऊन बमरोलीला पाठवलंत. एक, 'मुकादम कामगारांचं ऐकून घेतो.' दुसरं, 'मुकादम कामगारांचं ऐकून घेत नाही.' दोन्हींपुढे सहमत आणि असहमत. मी दिवसभर फिरले. पहिल्या वाक्याला लोक हो म्हणाले, थोड्या वेळाने विचारलेल्या दुसऱ्यालाही हो म्हणाले. एक म्हातारे बाबा तर खाटेवर मला जागा करून देत म्हणाले, "तुम्ही म्हणतस ते बरोबरच व्हई, बेन." मी रडकुंडीला येऊन परत आले. मला वाटलं, मी विचारण्यात चुकले. तुम्ही खुर्चीत मागे रेलून मनसोक्त हसलात.

"ते वाक्याला हो म्हणत नाहीयेत," तुम्ही म्हणालात. "दारात आलेल्या मुलीला नाही कसं म्हणायचं, म्हणून हो म्हणतायत. सहमत-असहमत विचारणारा संशोधक दुसऱ्याच्या सभ्यतेवर पोट भरतो. लक्षात ठेव."

मी लक्षात ठेवलं. प्रश्नाखाली उत्तरांच्या ज्या चौकटी असतात, त्यांना तुम्ही घरं म्हणायचात. माणसाला उभं राहायला घर दिलंत का, एवढंच बघायचं, असं तुमचं सांगणं. 'कधीकधी' हे घर नाही, ती धर्मशाळा आहे. एकाचं कधीकधी म्हणजे रोजचं आणि दुसऱ्याचं दिवाळीचं. म्हणून विचारायचं, गेल्या आठवड्यात कोणत्या दिवशी. पर्याय वाचून दाखवलेस तर लोक शेवटी ऐकलेला उचलतील, म्हणून काहींना वरून वाच, काहींना खालून. आणि सगळ्यात मोठी गोष्ट: जेवढी घरं चांगल्याची, तेवढीच वाइटाची. पट्टीच्या दोन्ही टोकांना सारखं अंतर. हे सांगताना तुम्ही हातात खरीखुरी लाकडी पट्टी धरायचात आणि ती बोटावर तोलून दाखवायचात. नवीन मुलं भारावून बघत राहायची. मीही बघायचे. माझ्या मनात तेव्हा तुमच्याबद्दल जे होतं, त्याला भक्तीच म्हणतात.

आपलं भांडण एकाच गोष्टीवरून व्हायचं. मला उत्तरांच्या शेजारी, थोडं बाजूला, 'सांगायचं नाही' असं एक घर हवं होतं. मी चाळीत वाढले होते. तिथे काय बोलायचं यापेक्षा काय बोलायचं नाही हे आधी शिकवतात. तुम्हाला मधलं, ना इकडचं ना तिकडचं घरही आवडायचं नाही आणि हे तर मुळीच नाही. "मधलं घर आळशाचं आणि हे भित्र्याचं," तुम्ही म्हणायचात. "आपण धर्मशाळा बांधत नाही." मी म्हणायचे, "सर, घाबरलेला माणूस खोटं बोलण्यापेक्षा गप्प बसलेला बरा नाही का?" तुम्ही म्हणायचात, "गप्प बसलेल्या माणसाचं कोष्टक काढता येत नाही." आणि संपवायचात. तुमचं कोणतंही वाक्य पुढच्या माणसाला बोलायला जागा ठेवायचं नाही. पट्ट्या बनवणाऱ्याची ही खोड मला तेव्हा गमतीची वाटायची.

मग तुम्ही निवृत्त झालात आणि सल्लागार झालात. सल्लागार म्हणजे आधी जे चूक म्हणून शिकवलं, ते आता बरोबर म्हणून करून देणारा माणूस, हे मला तुमच्यामुळे कळलं.

आमच्या चाळीच्या मालकाला बमरोलीची जागा मोकळी करून हवी होती. शहराबाहेर सचिन नावाच्या गावाच्या पुढे, कारखान्यांच्या मागच्या बाजूला त्याने खोल्यांच्या इमारती उभ्या केल्या होत्या. निम्मी कुटुंबं तिकडे गेली. आत्या-फुवा त्यांच्यात होते. उरलेली निघेनात. वास येतो, बस मिळत नाही, असं तिकडून कानावर येत होतं. बायकांची तर रोजीच बुडाली होती. बमरोलीत व्यापाऱ्याचा माणूस सायकलीवरून साड्या आणून टाकायचा, बायका घरबसल्या त्यांवर टिकल्या चिकटवायच्या. सचिनपलीकडे तो यायला तयार नव्हता. मग मालकाने ठरवलं की गेलेल्या लोकांना शास्त्रशुद्ध विचारून घ्यावं, नव्या घरात ते किती समाधानी आहेत. शास्त्र तुमच्याकडून मागवलं. मला तुम्ही सुपरवायझर नेमलंत. आत्या तिकडेच राहते हे तुम्हाला माहीत होतं. तुम्ही म्हणालात, बरंच झालं, वस्ती ओळखीची आहे.

प्रश्नावली हातात आली आणि मी ती घेऊन तुमच्या अडाजणच्या घरी आले. रविवार होता. काकूंनी लोचो मागवला होता. तुम्ही खात होतात.

"सर, हे छापताना चुकलंय," मी म्हटलं. "पूर्ण समाधानी, बरेच समाधानी, समाधानी, थोडे समाधानी, आणि मग एकदम असमाधानी. चार घरं चांगल्याची आणि एक वाइटाचं."

"चुकलेलं नाही," तुम्ही म्हणालात. "त्यांना तसंच हवंय."

"पण तुम्हीच तर सांगितलं होतंत, दोन्ही बाजूंना सारखी."

"ते वर्गात सांगितलं होतं."

तुम्ही हे अगदी सहज म्हणालात, सर. आवाज चढला नाही की पडला नाही. मी कितीदा तरी ते आठवून बघितलं, त्यात कुठे लाज होती का. नव्हती.

मी म्हटलं, तिथे प्रत्येक घरी मालकाचा माणूस बरोबर येणार आहे. त्याच्यासमोर त्या एका कोपऱ्यातल्या घरात कोण जाऊन बसेल? तुम्ही म्हणालात, ती फिल्डची अडचण आहे, सुपरवायझरने बघावी. मी म्हटलं, मग निदान 'सांगायचं नाही' एवढं एक घर घाला. त्यावर तुम्ही पहिल्यांदा प्लेटमधून मान वर केलीत.

"ते घातलं तर सगळे तिकडेच जातील."

"म्हणजे तुम्हाला ठाऊक आहे."

तुम्ही काकूंना हाक मारून चटणी मागितलीत.

अडाण्याने असली पट्टी बनवली असती तर मी तुमच्याबरोबर बसून त्याला हसले असते. लबाडाने बनवली असती तर शिव्या दिल्या असत्या. तुम्ही दोन्ही नव्हतात. त्या पट्टीतली खोच कुठे आहे ते या शहरात तुमच्याइतकं कोणालाच कळत नव्हतं. म्हणूनच ती तुमच्याकडून करून घेतली, आणि तुम्हाला तो मान वाटला. कुलूप बनवणाऱ्याला ते फोडताही येतं यात नवल काय. नवल याचं की मी इतकी वर्षं ते कुलूप बघून हात जोडत होते.

मी त्याच दिवशी काम सोडलं. तुम्ही अडवलं नाहीत. दाराशी काकू एवढंच म्हणाल्या, "वर्षा, खाऊन तरी जा गं." मी न खाता निघाले.

पाहणी माझ्यावाचून झाली. अहवाल रंगीत निघाला. त्यात तुमचे गोल तक्ते होते, समाधानाच्या चार छटा चार हिरव्या रंगांत. लांबून बघितलं तर भाताचं शेत. चाळीत सभा भरवून मालकाच्या मॅनेजरने तो वाचून दाखवला. "तमारा ज माणसो कहे छे," असं तो उरलेल्यांना म्हणाला. तुमचीच माणसं सांगतायत. तुम्ही एका परिषदेत त्यावर निबंध वाचलात. 'विस्थापितांचे समाधान' असलं काहीतरी नाव होतं. लोकांनी प्रश्न विचारले असतील. तुम्ही त्यांना पुढे बोलायला जागा ठेवली नसेल.

मी दुसरीकडे काम धरलं. चलथाणला ऊसतोडणीच्या बायकांमध्ये, मग सचिनमध्ये. आपली गाठ पडायची ती कुणाच्यातरी व्याख्यानाला. तुम्ही लांबून हात करायचात. तुमच्याभोवती नवीन मुलं असायची. तीही भारावलेली. एकदा त्यांच्यातल्या एकीला तुम्ही माझ्याकडे बोट दाखवून सांगितलंत, "ही माझी सगळ्यात चांगली विद्यार्थिनी." ती माझ्या पाया पडायला आली. मी तिला अडवलं, आणि तुमच्याबद्दल काही सांगितलं नाही. तिने स्वतः बघावं असं वाटलं. तीही कालच्या सभेत होती. रडत होती.

मागच्या महिन्यात काकूंचा फोन आला की तुम्ही माझं नाव काढताय. मी यायचं नाही असं ठरवूनही आले.

दवाखान्यात तुम्ही इतके लहान झाला होतात की मी आधी शेजारच्या खाटेकडे गेले. दुपारची वेळ होती. नर्स हातात पुठ्ठा घेऊन आली. त्यावर ओळीने चेहरे काढलेले, हसऱ्यापासून रडक्यापर्यंत, खाली शून्य ते दहा. "काका, दुखावो केटलो छे?" तिने विचारलं. तुमच्या अंगात बोलायचं त्राण नव्हतं, तरी तुम्ही तिची शिकवणी घेतलीत. दहा म्हणजे काय ते आधी सांग. सगळ्यात जास्त म्हणजे कोणाच्या? माझ्या की या शेजारच्याच्या? आणि हा हसरा चेहरा कशाला, दुखत नसलं म्हणजे माणूस हसत असतो का? ती बिचारी मलयाळी मुलगी, कष्टाने गुजराती शिकलेली. ती पेन धरून उभी राहिली. मला हसू आवरेना. तुम्ही माझ्याकडे बघितलंत आणि तुम्हीही हसलात, मग त्या हसण्यानेच कळ आली. शेवटी तुम्ही तिला म्हणालात, "पांच लख." पाच लिही.

ती गेल्यावर मी विचारलं, "पाचच?"

"जास्त सांगितलं तर इंजेक्शन देतात, मग मी दिवसभर झोपतो," तुम्ही म्हणालात. "कमी सांगितलं तर पुन्हा विचारायलाच येत नाहीत."

"म्हणजे दुखण्याचं उत्तर दिलं नाहीत. पुढे काय होईल त्याचं दिलंत."

तुम्ही डोळे मिटून पडलात. मला वाटलं, आता विषय बदलाल. तेवढं तुम्हाला नेहमीच छान जमायचं. पण तुम्ही डोळे न उघडता विचारलंत, "तुझी आत्या कशी आहे? तिकडे तिचं कसं झालं?"

सर, एवढ्या वर्षांत तुम्ही मला विचारलेला हा पहिला प्रश्न होता ज्याचं उत्तर तुमच्याकडे आधीपासून तयार नव्हतं. मला राग आला. इतका उशीर करून, नळ्या लावून घेऊन, आता विचारताय. पण मी खुर्ची पुढे ओढली आणि सांगायला लागले. फुवांचा दमा वाढला ते सांगितलं. खिडकी बंद ठेवली तरी भातात येणारा वास सांगितला. साड्यांचं काम गेल्यावर आत्या कारखान्यात झाडायला जायची ते सांगितलं. फुवा गेले ते सांगितलं. तुम्ही मध्येच 'हं' म्हणत होतात. मग तुमचं 'हं' थांबलं. बघितलं तर झोपला होतात. इंजेक्शन न घेताही झोप लागली होती. मी थोडा वेळ बसले. मग काकू आल्या, भेटीची वेळ संपली, आणि पुन्हा यायचं म्हणत मी घरी गेले. पुन्हा येणं झालं नाही. त्याआधीच तुम्ही गेलात.

मी जे सगळ्यात शेवटी सांगणार होते, ते राहिलं. ते आता ऐका.

तुमची माणसं आत्याच्या खोलीवर गेली, तेव्हा मालकाचा माणूस दारात बसला होता. आत्या मला म्हणाली, "तो दारमा खुर्ची टाकीसन बठेल व्हता. काय सांगू मी?" तिने 'समाधानी' म्हटलं. मधलंच, कोणाच्या डोळ्यात न येणारं. तुमच्या हिरव्या शेतातलं ते एक रोप. पुढे चाळीतल्या सभेत लोक ऐकेनात, तेव्हा तोच माणूस उठून म्हणाला, शांताबाईला विचारा, माझ्यासमोर सांगितलंय तिने. आत्या चाळीत शब्दाची पक्की म्हणून ओळखली जायची. तिचं नाव ऐकून लोक हलले. सगळ्यात आधी कमलमावशी हलली. ती आणि आत्या गावाहून एकाच वर्षी आलेल्या, भिंतीला भिंत लावून राहिलेल्या. एकीच्या चुलीवर दुसरीची भाकरी व्हायची. कमलमावशी सामान घेऊन सचिनपलीकडे उतरली, दोन दिवस तो वास घेतला आणि आत्याच्या दारात येऊन उभी राहिली. "तू सांगं म्हनीसन आम्ही आथं उनूत," ती म्हणाली. तू सांगितलंस म्हणून आम्ही इथे आलो. तेव्हापासून कमलमावशी तिच्याशी बोलत नाही. तिचं बघून इमारतीतल्या बाकीच्या बायकाही तुटल्या. भीमजयंतीला सगळ्याजणी पांढऱ्या साड्या नेसून खाली जमायच्या तेव्हा आत्याला कोणी हाक मारायचं नाही. ती वरून गॅलरीतून बघायची. फुवा गेले त्या दिवशी कमलमावशी आली, सगळं केलं, प्रेत उचलेपर्यंत थांबली. आत्याकडे बघितलं मात्र नाही.

आत्याला मालकाचा राग नाही. तुमचं तर तिला नावही माहीत नाही. तिला वाटतं, आपणच खोटं बोललो.

मी तुम्हाला एवढंच मागणार होते, की बरे झालात की एक दुपार माझ्याबरोबर चला. कमलमावशीच्या घरी बसा, आणि तुमच्या त्या वर्गातल्या आवाजात तिला सांगा की शांताबाई खोटं बोलली नाही, तिला दुसरीकडे उभं राहायला घरच ठेवलं नव्हतं, आणि ते मी ठेवलं नव्हतं. पट्टी घेऊन चला वाटलं तर, बोटावर तोलून दाखवा. तुमचं तिने ऐकलं असतं. मोठे साहेब होतात, गोरेपान, मुंबईचं मराठी बोलणारे. तुम्ही आयुष्यभर जो रुबाब मिरवलात, तो एकदा तरी कोणाच्या उपयोगी पडला असता. तुम्ही हो म्हणाला असतात का, मला माहीत नाही. दवाखान्यातलं तुमचं 'हं' ऐकून वाटलं, म्हणाला असतात. तेवढ्यासाठी मी तुमच्यावर अजून चिडलेली आहे.

आता मीच जाते. परवाही गेले होते. तुम्ही गेल्याचं सांगितलं, कागदावर पाच घरं काढली, चार इकडे, एक तिकडे, आणि कमलमावशीला सगळं पहिल्यापासून समजावलं. ती लक्ष देऊन ऐकते, सर. तुमच्या विद्यार्थ्यांपेक्षा जास्त लक्ष देऊन ऐकते. मध्ये उठून चहा ठेवते. माझं सगळं बोलून झालं की कप पुढे सरकवते आणि शांतपणे म्हणते, "तू तं तिनीच भाची शे ना."